स्वयमचा कोर्स केला, आता त्याचे क्रेडिट डिग्रीत कसे आणायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी विद्यार्थिनी तालुक्याच्या गावातल्या एका संलग्न महाविद्यालयात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जानेवारी ते एप्रिलच्या सत्रात तिने स्वयमवरचा (केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ), एनपीटीईएलचा (तिथे आयआयटींचे कोर्स चालवणारा उपक्रम), पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा 12 आठवड्यांचा कोर्स केला, केंद्रावर जाऊन परीक्षा दिली आणि 68 गुण मिळवले. स्वयमवरच्याच दुसऱ्या एका 8 आठवड्यांच्या कोर्सच्या सगळ्या असाइनमेंट केल्या, पण परीक्षा दिली नाही. शिवाय एका खासगी परदेशी प्लॅटफॉर्मची दोन सर्टिफिकेटं तिच्याकडे आहेत. कॉलेजच्या ऑफिसात विचारलं तर "आपल्याकडं असलं काही नसतं" एवढंच उत्तर मिळालं. या सगळ्याचे मिळून किती क्रेडिट (पदवीचा अभ्यास मोजायचं एकक) होतील आणि पुढच्या सत्रातला एखादा पेपर सुटेल का, असं तिने विचारलं आहे.

मी संख्याशास्त्र शिकवते. गेली आठ वर्षं आमच्या कॉलेजच्या एनपीटीईएल लोकल चॅप्टरची, म्हणजे कॉलेजातल्या शाखेची, स्पॉक (संपर्क पाहणारी शिक्षिका) आहे, आणि एबीसीचं (विद्यार्थ्यांचे क्रेडिट जमा ठेवणारी बँक) काम आल्यापासून तेही माझ्याच गळ्यात आहे. विद्यार्थिनी आहेस म्हणून एकेरीत लिहिते.

आधी हिशोब सांगून टाकते. पायथनच्या कोर्सचे 3 क्रेडिट मिळण्याची शक्यता आहे, पण ते आपोआप येणार नाहीत. परीक्षा न दिलेल्या कोर्सचे शून्य. खासगी सर्टिफिकेटांचेही शून्यच धरून चाल. आणि ऑफिसातलं उत्तर चूक आहे. असलं बरंच काही असतं, फक्त ते त्या खिडकीवर मिळत नाही.

नियम काय आहे ते बघू. स्वयमवरच्या कोर्सचे क्रेडिट पदवीत धरण्याबाबत यूजीसीचा पहिला नियम 2016 चा. त्यात एका सत्रातल्या एकूण कोर्सपैकी 20 टक्क्यांपर्यंत मुभा होती. 2021 च्या नव्या नियमांत ती 40 टक्के झाली. वर्गात हा आकडा सांगितला की मुलांचे डोळे चमकतात, म्हणून लगेच पुढचं वाक्य सांगावं लागतं: ही कमाल मर्यादा आहे, तुझा वाटा नव्हे. सत्र 20 क्रेडिटचं असेल तर जास्तीत जास्त 8 क्रेडिट बाहेरून आणता येतील, तेही विद्यापीठाने किंवा स्वायत्त कॉलेजने त्या त्या कोर्सना मान्यता दिली असेल तर. नियमात शब्द 'कोर्स' असा आहे आणि बहुतेक ठिकाणी मोजणी क्रेडिटमध्ये करतात. त्यावरून परीक्षा विभागाशी माझी दोनदा खडाजंगी झाली आहे, पण तुझ्या 3 क्रेडिटला त्याने काही फरक पडत नाही.

मान्यता कोण देतं? इथेच बहुतेकांची गल्लत होते. संलग्न कॉलेजच्या प्राचार्यांच्या हातात हे नसतं. त्या विषयाचं अभ्यास मंडळ शिफारस करतं आणि विद्यापीठाची विद्या परिषद मंजुरी देते. स्वायत्त कॉलेज असेल तर त्याचं स्वतःचं अभ्यास मंडळ आणि स्वतःची विद्या परिषद असते, म्हणून तिथे काम लवकर होतं. तुझं कॉलेज संलग्न आहे, तेव्हा विद्यापीठाने कोणतं परिपत्रक काढलं आहे, कोणते स्वयम कोर्स कोणत्या पेपरच्या जागी चालतील असं म्हटलं आहे, ते आधी शोध. ते विद्यापीठाच्या संकेतस्थळावर परिपत्रकांच्या ढिगात कुठेतरी पडलेलं असतं. ऑफिसातल्या भाऊसाहेबांना ते माहीत नसणं अगदी शक्य आहे. त्यांच्या टेबलावर शिष्यवृत्तीचे अर्ज, बोनाफाईड, टीसी आणि परीक्षेचे फॉर्म असतात. त्यांच्यावर राग काढू नकोस, परिपत्रकाची प्रिंट काढून घेऊन जा.

आता खरी गोष्ट सांगते. क्रेडिट सर्टिफिकेटात नसतं. ते तुझ्या अभ्यासक्रमातल्या एका मोकळ्या खणात असतं. सर्टिफिकेट हा फक्त तो खण भरायचा माल. खण आधी ठरलेला नसेल तर माल कितीही चांगला असो, ठेवायचा कुठे?

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्याकडे पदवीचे खण पाडलेले आहेत: मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी (व्यवसाय कौशल्य), एसईसी (कौशल्यवर्धन), एईसी (क्षमतावर्धन), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा), मग ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) आणि फील्ड प्रोजेक्ट. तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट, सत्राला साधारण 20 ते 22. यातले काही खण बाहेरच्या कोर्सने सहज भरतात आणि काही भरतच नाहीत. ओपन इलेक्टिव्ह हा सगळ्यांत सोयीचा, कारण तो मुळातच आपल्या विद्याशाखेबाहेरचं काही शिकण्यासाठी ठेवलेला आहे, आणि लहान कॉलेजात त्यासाठी शिकवायला माणूस नसतो. यूजीसीच्या नियमामागचा एक हेतूही हाच होता: ज्या विषयाला शिक्षक नाही किंवा जो विषय कॉलेज देऊच शकत नाही, तो मुलांना मिळावा. प्रॅक्टिकल असलेला मेजरचा पेपर मात्र विसर. टायट्रेशन व्हिडिओवर होत नाही.

तुझा पायथन इथेच अडकू शकतो. संख्याशास्त्राच्या किंवा कॉम्प्युटरच्या विद्यार्थिनीने पायथन ओपन इलेक्टिव्ह म्हणून दाखवला तर अभ्यास मंडळातलं कुणीतरी हमखास विचारेल, "हा तर तुमच्याच शाखेचा विषय, ओपन कसा?" तेव्हा तो एसईसीत किंवा व्हीएससीत बसतो का, ते बघ. त्यासाठी दोन्ही सिलॅबस शेजारी शेजारी ठेवायचे आणि कुठला घटक कुठे येतो त्याचा तक्ता करायचा. मी मुलांना एका कागदावर हे करायला लावते: डावीकडे आपल्या पेपरचे युनिट, उजवीकडे कोर्सचे आठवडे. जुळणी कमी असेल तर मी स्वतःच अर्ज पुढे पाठवत नाही. पाठवून तो परत येण्यापेक्षा ते बरं.

दुसरी अडचण मापाची. एनपीटीईएलचं गणित सरळ आहे: 4 आठवड्यांना 1 क्रेडिट, 8 ला 2, 12 ला 3. आपले खण मात्र बहुतेक 2 चे नाहीतर 4 चे. 3 क्रेडिटचा कोर्स 2 च्या खणात टाकला तर एक क्रेडिट वाया जातं. 4 च्या खणात टाकला तर एक कमी पडतं आणि त्या एकासाठी 4 आठवड्यांचा आणखी एक कोर्स करावा लागतो. म्हणून मी मुलांना 8 आठवड्यांचे कोर्स घ्यायला सांगते. ते 2 च्या खणात अचूक बसतात आणि दोन मिळून 4 होतात. स्वयमवर सीईसी या संस्थेचे जे पदवी पातळीचे कोर्स असतात त्यांत 4 क्रेडिटचेही मिळतात, विशेषतः कला आणि वाणिज्य शाखेचे. त्यांची परीक्षा एनटीए ही राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते आणि गुणांची विभागणी 30 अंतर्गत, 70 परीक्षा अशी असते. एनपीटीईएलची 25 आणि 75.

या 25–75 मध्येही एक मेख आहे. एनपीटीईएलला नुसती बेरीज 40 झाली म्हणजे पास असं नसतं. असाइनमेंटचे 25 पैकी 10 आणि परीक्षेचे 75 पैकी 30, दोन्ही वेगवेगळे मिळावे लागतात. 12 आठवड्यांच्या कोर्सला सर्वांत चांगल्या 8 असाइनमेंट धरतात, 8 आठवड्यांच्या कोर्सला 6. त्यामुळे एखाद्या आठवड्यात घरी लग्न निघालं तरी चालतं. लग्नसराईचे सगळेच आठवडे हुकवले तर मात्र परीक्षेत कितीही गुण मिळवून उपयोग नाही. तुझे 68 आले म्हणजे दोन्हीकडे निभावलं आहे, आणि सर्टिफिकेटवर 'एलीट' असं लिहिलं असेल. छान आहे. पण मार्कशीटवर 'एलीट' येत नाही. तिथे विद्यापीठाच्या दहा बिंदूंच्या पट्टीप्रमाणे ग्रेड लागते, आणि 68 ची ग्रेड तिथे काय होते ते तुझ्या विद्यापीठाच्या नियमात बघावं लागेल. ज्यांना वर्गातल्या पेपरात 85 च्या पुढे मिळतात त्यांनी हाही विचार करावा. बाहेरचा कोर्स घेऊन सीजीपीए खाली आल्यावर रडत आलेली मुलं मी पाहिली आहेत.

आता परीक्षा न दिलेल्या कोर्सबद्दल. तू 'एनरोल' केलंस, ती पहिली पायरी, आणि ती फुकट आहे. परीक्षेची नोंदणी ही वेगळी पायरी. तिचा फॉर्म वेगळा, मुदत वेगळी, आणि फी एनपीटीईएलला साधारण हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना निम्मी. दर सत्रात माझ्याकडे निदान दहा जण येतात, "मॅडम, मी तर सगळे व्हिडिओ बघितले." व्हिडिओ बघितले त्याचं पुण्य लागेल, क्रेडिट नाही लागणार. देखरेखीखाली केंद्रावर दिलेली परीक्षा नसेल तर कुठलंही विद्यापीठ पुढची फाईल उघडत नाही. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. तोच कोर्स पुन्हा लागला तर पुन्हा एनरोल कर. विषय झालेला आहे, या वेळी हलका जाईल.

परीक्षेच्या फॉर्मवर मात्र डोळ्यांत तेल घालून बस. माझा अर्धा वेळ या फॉर्मवरच्या चुका निस्तरण्यात जातो. पहिली चूक नावाची. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. आधारवर स्वतःचं नाव, वडिलांचं, आडनाव. ईमेलवर मैत्रिणींनी ठेवलेलं भलतंच काहीतरी. सर्टिफिकेटवर तेच छापलं जातं जे तू फॉर्ममध्ये भरतेस. आमच्या एका मुलाने घाईघाईत मोबाईलवरून फॉर्म भरला आणि त्याच्या सर्टिफिकेटवर त्याचं गल्लीतलं टोपणनाव आलं, खाली मोठ्या आयआयटीची सही. परीक्षा विभागाने ते घेतलं नाही, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मधल्या काळात लग्न झालेल्या मुलींचा गुंता याहून मोठा असतो, कारण आधारवर नवं नाव आणि पीआरएनवर, म्हणजे विद्यापीठाच्या कायम नोंदणी क्रमांकावर, जुनं.

दुसरी चूक कॉलेज निवडण्याची. फॉर्ममध्ये आपलं लोकल चॅप्टर निवडायचं असतं. एकाच संस्थेची चार कॉलेजं असतात, नावं जवळपास सारखी असतात आणि मुलं पहिलं दिसेल त्यावर बोट ठेवतात. मग त्यांचा निकाल दुसऱ्याच गावच्या स्पॉकच्या यादीत जातो. तुझ्या कॉलेजचं लोकल चॅप्टर नसेल तर कोर्स करता येतो, सर्टिफिकेटही मिळतं, पण तुझ्या बाजूने यादी बघणारं कुणी नसतं. कॉलेजला चॅप्टर काढायला सांग. त्याला एक माणूस लागतो जो ईमेल वाचेल, एवढंच.

आता एबीसी. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स जुलै 2021 मध्ये सुरू झाली. डिजिलॉकरवरून तुझा 12 आकडी अपार क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) काढला असशीलच, कारण हल्ली त्याच्याशिवाय परीक्षेचा फॉर्म पुढे सरकत नाही. लोकांना वाटतं की सर्टिफिकेट आपण तिथे अपलोड करायचं. तसं नाही. तू तिथे काहीही जमा करू शकत नाहीस. जमा फक्त नोंदणीकृत संस्था करतात. तुझ्या खात्यात पायथनचे 3 क्रेडिट दिसतात का, ते आजच बघ. दिसत असतील तर अर्धं काम झालं. दिसत नसतील तर परीक्षेच्या फॉर्ममध्ये अपार क्रमांक चुकला आहे का, नाव जुळत नाही का, ते तपास.

पण खात्यात दिसले म्हणून पदवीत आले असं नाही. बँकेत पैसे आहेत म्हणून दुकानदार हवी ती वस्तू देईलच, असं कुठे असतं? ती त्याच्या दुकानात असायला हवी. जमा क्रेडिट 7 वर्षं टिकतात, हा तुझ्यासाठी दिलासा. या वर्षी खण सापडला नाही तर तिसऱ्या वर्षाला, किंवा मध्ये शिक्षण थांबवून परत आलीस तरी, ते वापरता येण्याची वाट उघडी राहते. मात्र एकदा एका पदवीसाठी वापरले की ते खात्यातून वजा होतात, तेच पुन्हा दुसरीकडे चालत नाहीत. आणि 2021 च्या एबीसी नियमांप्रमाणे निम्मे तरी क्रेडिट पदवी देणाऱ्या संस्थेतच मिळवावे लागतात, म्हणजे सगळी पदवी बाहेरून जुळवून आणता येत नाही.

खासगी सर्टिफिकेटांचं सांगते. यूजीसीचा वर सांगितलेला नियम स्वयमपुरता आहे. इतर प्लॅटफॉर्मचे कोर्स धरायचे की नाही, हे त्या त्या विद्यापीठावर किंवा स्वायत्त संस्थेवर आहे. काही खासगी विद्यापीठं आणि स्वायत्त अभियांत्रिकी कॉलेजं त्यांच्या यादीतले कोर्स धरतात, तेही बहुधा स्वतःची वेगळी परीक्षा घेऊन. संलग्न कॉलेजात आशा ठेवू नकोस. ती सर्टिफिकेटं बायोडेटात घाल आणि ओजेटीसाठी एखाद्या ठिकाणी जाशील तेव्हा दाखव. तिथे त्यांचा उपयोग होतो.

इथे एक आडवळण घेते, कारण हा प्रश्न दरवर्षी येतो. कुणाचा तरी मामा न्यू जर्सीला असतो आणि त्याच्या मुलीने म्हणे ऑनलाइन कोर्स करून कॉलेजचं एक अख्खं वर्ष वाचवलं. खोटं नाही ते. अमेरिकेत अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन ही संस्था सोफिया, स्ट्रेटरलाइन, स्टडी डॉट कॉम अशांचे कोर्स तपासून इतके क्रेडिट द्यावेत अशी शिफारस करते. न्यू जर्सीतल्याच ट्रेंटनची थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी असे क्रेडिट मोठ्या प्रमाणावर धरण्यासाठी प्रसिद्ध आहे. पण तिथेही ती शिफारसच. शेवटचा शब्द कॉलेजचा, आणि शेजारचं कॉलेज त्यातला एकही क्रेडिट घेत नाही असंही होतं. तिथली जाणती मुलंसुद्धा कोर्सचे पैसे भरण्याआधी कॉलेजकडून लेखी घेतात. इकडे मात्र ती शिफारस दाखवून काही होणार नाही.

वेळेचं गणित हा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा भाग. स्वयमची सत्रं जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात. परीक्षा सत्राच्या शेवटी होते, निकाल त्यानंतर काही आठवड्यांनी. विद्यापीठाचं निकालाचं लेजर आपल्या गतीने बंद होतं. या दोन घड्याळांचा मेळ बसला नाही की मार्कशीटवर त्या पेपरपुढे रिकामी जागा किंवा 'अनुपस्थित' येतं, आणि एटीकेटी लागते. आमच्या एका मुलीने सहाव्या सत्रातला पेपर असा बाहेरच्या कोर्सवर ठेवला. ती पास झाली, चांगल्या गुणांनी झाली, पण निकाल हातात आला तोवर विद्यापीठाच्या निकालाचं गॅझेट लागून गेलं होतं. एमएस्सीचा प्रवेश तात्पुरता राहिला आणि दोन महिने तिचे वडील विद्यापीठाच्या पायऱ्या झिजवत होते. तेव्हापासून माझ्याकडे एकच कडक नियम आहे: शेवटच्या सत्रात बाहेरचा कोर्स नाही. जमलं तर एक सत्र आधीच करून ठेवायचा. जानेवारीत केलेला कोर्स जुलैच्या सत्रात वापरायचा, म्हणजे निकाल आधीच हातात असतो. नकळत तू नेमकं हेच केलं आहेस.

अभियांत्रिकीला जाणाऱ्या तुझ्या भावंडांसाठी एक ओळ: तिकडे एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) 2018 च्या आदर्श अभ्यासक्रमात 160 क्रेडिटवर 20 जादा क्रेडिट ऑनलाइन कोर्समधून मिळवून ऑनर्स किंवा मायनर घेण्याची सोय आहे. त्यांना खण शोधावा लागत नाही, जादा खणच दिलेला आहे.

आता तू काय करायचंस. आधी तुझ्या विभागप्रमुखांना भेट, ऑफिसला नंतर. पाचव्या सत्राच्या आराखड्यात 2 क्रेडिटचा असा कोणता खण आहे जो पायथनने भरेल, ते त्यांच्यासोबत बसून बघ. तिसरं क्रेडिट वाया गेलं तर जाऊ दे, त्याच्यामागे लागून हातचे दोन घालवू नकोस. मग प्राचार्यांच्या नावे, 'विभागप्रमुखांमार्फत' असं लिहून एक पानी अर्ज कर. त्यात कोर्सचं नाव, आठवडे, क्रेडिट, परीक्षेची तारीख, मिळालेले गुण, पीआरएन, अपार क्रमांक आणि कोणत्या पेपरच्या जागी हवा आहे ते स्पष्ट लिही. सोबत सर्टिफिकेट, सिलॅबसच्या जुळणीचा तो कागद, विद्यापीठाचं परिपत्रक आणि कोर्सच्या पानाची पीडीएफ जोड. पीडीएफ आजच काढून ठेव, सत्र बदललं की कोर्सचं पानही बदलतं. अर्जात 'मला सूट द्यावी' असं लिहू नकोस. तू सूट मागत नाहीस, 'क्रेडिट हस्तांतरण' मागते आहेस. सूट म्हटलं की समितीतल्या जुन्या माणसांच्या कपाळावर आठी पडते.

आणि उत्तर हातात येईपर्यंत त्या पेपरचे वर्गातले तास बुडवू नकोस, अंतर्गत परीक्षाही दे. अर्ज फेटाळला गेला तर केटी तुला लागेल, समितीला नाही. अर्जाच्या दोन प्रती ने, आणि एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊनच ऑफिसातून बाहेर पड.